मॅन पेज मॅक्रो वापरून हातानेच लिहावे, की मार्कडाउनमधून काढून घ्यावे?

ठिपक्यांची ओळ (धागाकर्ता)

आमच्या गटाने तयार केलेल्या एका लहानशा कमांडचे मॅन पेज (टर्मिनलमध्ये ‘मॅन’ या कमांडने उघडणारे माहितीपान) कशात लिहायचे, यावर गेले दोन आठवडे आमचे एकमत होत नाही. मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांच्या लेखनपद्धतीत, लिहावा, पॅनडॉक या रूपांतरकाकडून त्याचे मॅन पेज करून घ्यावे आणि कामाला लागावे, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. माझे मत याच्या उलट आहे. मॅन पेज एमडॉक मॅक्रो (मजकुरातच लिहायच्या लहान आज्ञांचा एक संच) वापरून, साध्या एडिटरमध्ये, हाताने लिहावे असे मला वाटते. (लिपी एकच राहावी म्हणून मॅक्रोंची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे.)

रॉफ या मजकूर मांडणाऱ्या जुन्या प्रोग्रामच्या घराण्यात मॅन पेजसाठी आज दोन मॅक्रोसंच वापरले जातात. पहिला ‘मॅन’ हा संच, जो १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर सर्वत्र पोहोचला. दुसरा ‘एमडॉक’, जो बर्कलीत सिंथिया लिव्हिंगस्टन यांनी रचला आणि १९९० च्या ४.३ बीएसडी-रेनो या बर्कलीच्या युनिक्स आवृत्तीपासून वापरात आला. दोन्हींत ओळीच्या आरंभी ठिपका देऊन मॅक्रोचे नाव लिहायचे असते, त्यामुळे वरवर पाहता ते सारखेच भासतात. पण दोघांची मुळातली समजूत वेगळी आहे. ‘मॅन’मध्ये आपण अक्षर कसे दिसावे ते सांगतो, म्हणजे ‘.बी’ लिहिले की ठळक आणि ‘.आय’ लिहिले की तिरके. ‘एमडॉक’मध्ये आपण ती गोष्ट काय आहे ते सांगतो. ‘.एफएल’ म्हणजे पर्याय, ‘.एआर’ म्हणजे त्याला द्यायची किंमत, ‘.पीए’ म्हणजे फाइलचा मार्ग, ‘.एक्सआर’ म्हणजे दुसऱ्या मॅन पेजचा संदर्भ. ‘.ओपी एफएल ओ एआर फाइल’ एवढी एक ओळ लिहिली की चौकटी कंस, पर्यायापुढचे उणे चिन्ह आणि ‘फाइल’ या शब्दाखालची रेघ हे सगळे मॅक्रो पाहून घेतो.

याचा उपयोग केवळ नीटनेटकेपणापुरता नाही. ज्या प्रणालींवर मॅनडॉक (मॅन पेज मांडणारा आणि शोधणारा प्रोग्राम) आहे, तेथे ‘अप्रोपोस’ या शोध-कमांडला ‘ईव्ही=पाथ’ असे विचारले की ज्या ज्या मॅन पेजमध्ये ‘पाथ’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलवर तशी खूण केलेली आहे तेवढीच पाने पुढे येतात; ‘पाथ’ हा शब्द नुसता वाक्यात आला आहे अशी शेकडो पाने येत नाहीत. मार्कडाउनमधल्या दोन तारकांना हे कधीच जमणार नाही, कारण त्यांना ठळकपणापलीकडे काहीच ठाऊक नसते.

सरळमजकूर

आपण मांडलेला भेद खरा आहे, पण त्याची किंमत कोण भरतो हे आपण सांगितले नाही. माझा अनुभव सांगतो. पूर्वी एका ठिकाणी मी असेच हाताने मॅन पेज लिहिले होते. त्यात एक वाक्य होते की सेटिंग्ज ‘.एन्व्ही’ या फाइलमधून वाचल्या जातात आणि ती फाइल नसेल तर प्रोग्राम थांबतो. पुढे कोणीतरी परिच्छेदाच्या ओळी एडिटरमध्ये पुन्हा जुळवल्या आणि ‘.एन्व्ही’ हा शब्द नेमका नव्या ओळीच्या आरंभी आला. रॉफला वाटले हा मॅक्रो आहे. त्या नावाचा मॅक्रो नव्हता, म्हणून त्याने ती संपूर्ण ओळ गुपचूप गिळली. प्रोग्राम का थांबतो हे सांगणारे नेमके तेच वाक्य पानावरून नाहीसे झाले आणि पाच महिने कोणाच्या लक्षात आले नाही. ओळीच्या आरंभी एकेरी अवतरणचिन्ह आले तरी असेच घडते. त्यावर उपाय म्हणून शब्दाआधी बॅकस्लॅश आणि अँपरसँड लिहावे लागतात, ही गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक असते.

ही १९६४ मधल्या रनऑफ या प्रोग्रामपासून चालत आलेली रीत आहे. ठिपका ओळीच्या आरंभी का, तर साध्या मजकुराची ओळ ठिपक्याने सुरू होण्याची शक्यता फारशी नव्हती, म्हणून. आज आमच्या निम्म्या फायलींची नावेच ठिपक्याने सुरू होतात. ज्याने कोड लिहिला त्यालाच मॅन पेज लिहायचे असेल, तर त्याच्या हाती अशी भाषा द्यावी की जी त्याला आधीच येते. नाहीतर मॅन पेज लिहिलेच जाणार नाही, आणि न लिहिलेल्या पानातील अर्थाच्या खुणा कोणी शोधणार नाही.

रात्रपाळी

मी लेखक नाही, वाचक आहे. सर्व्हरवर रात्री दोन वाजता मॅन पेज उघडतो आणि तिरकी रेघ दाबून पर्याय शोधतो. ‘अप्रोपोस’ला असे प्रश्न विचारता येतात हे मला आजच कळले, आणि माझ्या लिनक्सवर तसे विचारता येत नाही हेही लगेच कळले, कारण तेथे मॅनडॉकऐवजी मॅन-डीबी आहे आणि त्याचा शोध पानाच्या ‘नाव’ विभागातल्या एका ओळीपुरताच चालतो.

माझी तक्रार वेगळी आहे. कित्येकदा पर्याय समोर पडद्यावर दिसत असतो आणि शोधला तर सापडत नाही. तेथून उचलून कमांडमध्ये चिकटवला तर कमांड चालत नाही. याचे कारण असे की मॅन पेज लिहिणाऱ्याने नुसते ‘-’ टंकलेले असते आणि ग्रॉफ (रॉफची ग्नू आवृत्ती) काही यंत्रणांवर त्याचे छपाईतले जोडचिन्ह करतो, जे दिसायला उणे चिन्हासारखे असले तरी युनिकोडमध्ये निराळे आहे. उणे हवे असेल तर आधी बॅकस्लॅश लिहायला हवा. डेबियन या लिनक्स वितरणाने आपल्या सेटिंगमध्ये हे परस्पर सांभाळून घेतले आहे, सर्वांनी घेतलेले नाही. तेव्हा तुम्ही कशातही लिहा, पण मला माझे उणे चिन्ह परत द्या.

ठिपक्यांची ओळ

रात्रपाळी, आपण माझीच बाजू मांडलीत. ‘.एफएल’ लिहिणाऱ्याला उणे चिन्ह टंकावेच लागत नाही. ते मॅक्रो स्वतः उमटवतो, आणि खरेखुरे उमटवतो. ही चूक प्रामुख्याने ‘मॅन’मध्ये होते, कारण तेथे लेखक प्रत्येक चिन्ह स्वतः मांडतो.

सरळमजकूर, ओळ गिळली जाण्याचा प्रकार मी नाकारत नाही. माझ्याही हातून तो झाला आहे. पण ‘मॅनडॉक -टी लिंट’ ही तपासणी पाच सेकंदांत अशी ओळ दाखवते आणि कोणता अनोळखी मॅक्रो वगळला तेही सांगते. कोड संकलित करताना इशारे वाचतो, मग दस्तऐवजाचे इशारे का वाचू नयेत? हीच तपासणी ‘.एक्सआर’ने दिलेला संदर्भ ज्या पानाकडे जातो ते पान यंत्रावर आहे की नाही, हेही पाहते. ‘मॅन’ संचात ‘.बीआर एलएस (१)’ असे, म्हणजे केवळ ठळक आणि साधे अक्षर सांगून, लिहिले तर तो संदर्भ आहे हे यंत्राला अंदाजाने ओळखावे लागते. ग्रॉफच्या मंडळींनाही हे जाणवले असावे, कारण २०२३ मध्ये आलेल्या १.२३ आवृत्तीत त्यांनी ‘मॅन’ संचात संदर्भासाठी ‘.एमआर’ हा स्वतंत्र मॅक्रो घातला.

पॅकेजबांधणी

दोघांनीही थोडे आजूबाजूला पाहावे. गिटची पाने ॲस्कीडॉकमध्ये लिहिली जातात, सिस्टमडीची डॉकबुकच्या एक्सएमएलमध्ये, पर्लची पॉडमध्ये. रॉफ हाताने न लिहिताही उत्तम पाने तयार होतात, हे यातून सिद्ध होते. दुसरीकडे, लिनक्सच्या सिस्टम कॉल्सची पाने सांभाळणारा मॅन-पेजेस प्रकल्प आजही हाताने लिहितो, आणि तोही ‘एमडॉक’ नव्हे तर ‘मॅन’ वापरून. ओपनबीएसडी या प्रणालीचे लोक मात्र ‘एमडॉक’वर ठाम राहिले आणि २०१० मध्ये त्यांनी मूळ प्रणालीतून ग्रॉफच काढून टाकून मॅनडॉक ठेवले. तेथील पाने वाचनीय आहेत याबद्दल दुमत नसावे. पण त्याचे श्रेय मॅक्रोंना द्यायचे की मॅन पेजमधील चूक ही कोडमधील चुकीइतकीच गंभीर मानणाऱ्या त्यांच्या शिस्तीला, हा प्रश्न उरतोच. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे.

डेबियनच्या धोरणानुसार प्रत्येक प्रोग्रामबरोबर मॅन पेज असायला हवे. मूळ लेखकाने ते दिले नसेल तर ते काम पॅकेज बांधणाऱ्याकडे येते. अशा वेळी कित्येक जण ‘हेल्पटूमॅन’ चालवतात, जे कमांडची ‘हेल्प’ छापून घेते आणि तिचेच मॅन पेज करते. त्यापेक्षा मार्कडाउनमध्ये मनापासून लिहिलेली दोन पाने मी केव्हाही पत्करीन.

एकच स्रोत

पर्यायांची यादी कोडमध्ये आधीच असते. ती पुन्हा हाताने का लिहायची? कोडमधूनच मॅन पेज तयार करावे, म्हणजे दोन्हींत तफावत पडणार नाही.

ठिपक्यांची ओळ

पर्यायांची यादी म्हणजे मॅन पेज नव्हे. कमांड कोणत्या परिस्थितीत कोणता निर्गम-कोड (संपताना परत दिलेला अंक) देते, कोणत्या फायलींना हात लावते, अर्धवट थांबली तर काय मागे राहते, या गोष्टी कोडमधल्या यादीत नसतात. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही ‘बग्ज’ असा विभाग होता. तो कोणत्या कोडमधून काढणार?

पॅकेजबांधणी यांचा शिस्तीचा मुद्दा मान्य. परंतु रूपांतर एकाच दिशेने सुखाचे होते, याकडे लक्ष वेधतो. मॅनडॉक एमडॉकमधून ‘मॅन’ काढून देते, एचटीएमएल देते, मार्कडाउनसुद्धा देते. उलट दिशेने जाताना मात्र ठळक अक्षर हे कमांडचे नाव की पर्याय की केवळ जोर, हे कोणालाही सांगता येत नाही. टाकून दिलेली माहिती परत येत नाही, म्हणून जेथे ती जास्त आहे ते मूळ ठेवावे.

सरळमजकूर

त्याच मॅनडॉकचा आरंभ करणारे क्रिस्टाप्स झोन्सन्स यांनी पुढे लोडाउन नावाचा मार्कडाउनचा रूपांतरक लिहिला, आणि तो मॅन पेजही काढून देतो. ज्याने एमडॉकसाठी एवढे केले त्यालाही लोक मार्कडाउनमध्ये लिहिणार हे दिसत होते, एवढाच अर्थ मी त्यातून काढतो.

आमच्या गटात नुकतीच रुजू झालेली एक मुलगी आहे. तिने पहिल्याच आठवड्यात मार्कडाउनमधील मॅन पेजच्या सहा चुका दुरुस्त केल्या, त्यांपैकी दोन अशा होत्या की ज्या मला तीन वर्षांत दिसल्या नव्हत्या. ‘.बीएल -टॅग -विड्थ’ असे काही समोर दिसले असते तर तिने त्या दुरुस्त केल्या असत्या का, असे मी तिला विचारले. तिने कळवल्या असत्या, फाइलला हात लावला नसता, असे ती म्हणाली.

रात्रपाळी

एकच पान दोन्ही प्रकारे करा आणि अरुंद टर्मिनलमध्ये, साठ अक्षरांच्या रुंदीत, कसे दिसते ते सांगा. माझ्या कन्सोलची रुंदी बहुधा तेवढीच असते.

ठिपक्यांची ओळ

काल रात्री करून पाहिले. मार्कडाउनमधून काढलेल्या पानात ‘सारांश’ विभागाची दुसरी ओळ पुन्हा डावीकडून, कमांडच्या नावाच्या बरोबर खाली सुरू झाली, त्यामुळे ती दुसरी कमांड असल्यासारखी दिसत होती. शिवाय ‘-ओ’ पहिल्या ओळीच्या शेवटी राहिला आणि ‘फाइल’ दुसरीवर गेली. एमडॉकच्या पानात दुसरी ओळ नावाची जागा सोडून आतून सुरू झाली, हे ‘.एनएम’ आपोआप करतो. परंतु प्रामाणिकपणे सांगायचे तर ‘-ओ’ आणि ‘फाइल’ यांची ताटातूट तेथेही झाली. त्यासाठी ‘.बीके -वर्ड्स’ आणि ‘.ईके’ अशी मॅक्रोंची जोडी भोवती घालावी लागते, आणि ती मी विसरलो होतो.

सरळमजकूर

ती आठवायला किती वेळ लागला?

ठिपक्यांची ओळ

वीस मिनिटे, त्यातली पंधरा एमडॉकचे मॅन पेज वाचण्यात गेली. फाइल आता सामायिक भांडारात ठेवली आहे. तुमची ‘.एन्व्ही’ असलेली ओळ मी मुद्दाम जशीच्या तशी ओळीच्या आरंभी ठेवली आहे; तपासणीने ती पकडली की नाही ते पाहा, आणि त्या मुलीलाही एकदा फाइल उघडून पाहायला सांगा.