कागदावर नसलेले आश्वासन कोणी पाळायचे?

प्रश्न

मी एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत आहे. शेजारच्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार सोपवताना वरिष्ठ म्हणाले होते, "थोडे दिवस सांभाळा, पुढे तुमचा विचार होईलच." थोडे दिवस म्हणता म्हणता अकरा महिने झाले, त्यांची बदली झाली आणि नव्या वरिष्ठांनी अगदी सौजन्याने आपल्याला याची कल्पना नसल्याचे सांगितले. लेखी काहीच नसल्याने तक्रार तरी कशाची करायची? तरीही फसवले गेल्याची भावना जात नाही. माझी अपेक्षाच चुकीची होती का?

उत्तर १

चुकीची म्हणता येणार नाही. अशा अलिखित अपेक्षांना 'मानसशास्त्रीय करार' म्हणतात. संघटनांमधल्या वर्तनाचे अभ्यासक क्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. डेनिस रूसो यांनी १९८९ मध्ये तिला नेमकेपणा देताना हा करार व्यक्तीच्या समजुतीत असतो, यावर भर दिला. सरकारी नोकरीत वेतन आणि पदोन्नती बहुधा नियमांनी बांधलेली असल्यामुळे वरिष्ठांच्या हाती रजेची मंजुरी, टेबलाची निवड, गोपनीय अहवालातला शेरा आणि अडचणीच्या वेळी पाठीशी उभे राहणे एवढेच उरते, आणि म्हणून सगळ्या अपेक्षा याच लहान गोष्टींभोवती गोळा होतात. त्यातून 'विचार होईल' हे वाक्य बोलणाऱ्याच्या लेखी सदिच्छा असते, ऐकणाऱ्याच्या लेखी मात्र वचन.

उत्तर २

याच कराराच्या अभ्यासक मॉरिसन आणि रॉबिन्सन यांनी १९९७ मध्ये केलेला भेद येथे उपयोगी पडेल: ठरलेले मिळाले नाही हे लक्षात येणे वेगळे आणि त्यातून येणारा संताप वेगळा. शब्द जाणूनबुजून मोडला गेला, की दोघांची समजूतच मुळात वेगळी होती, यावर तो संताप बराचसा अवलंबून असतो. तुमच्या बाबतीत तर शब्द देणाराच खुर्चीवर राहिलेला नाही. (बदलीच्या आदेशात आश्वासनांचा रकाना नसतो.)

उत्तर ३

मी अधिकारी म्हणून दुसरी बाजू सांगतो. लेखापरीक्षणाच्या काळात कर्मचाऱ्यांनी उशिरापर्यंत थांबावे, ही आमचीही अलिखित अपेक्षाच असते, आणि दुखावलेला माणूस नियमावर बोट ठेवून काम करू लागला, की ती किती मोठी होती हे कळते. त्यामुळे कार्यभार सोडताना कोणाकडे कोणते जादा काम कधीपासून आहे, हे मी हस्तांतरणाच्या टिपणीत लिहून ठेवतो. तुम्हीही तारखांसह टिपणी सादर करून लेखी आदेश मागावा.

प्रश्नकर्ता

आज टिपणी सादर केली. जुन्या वरिष्ठांचे वाक्य त्यात घातले नाही. फक्त तारीख आणि कामांची यादी दिली आहे.