प्राणी घेऊन देश बदलताना: कागदपत्रं, लशी आणि तारखांचे अनुभव

कुत्रा-मांजर घेऊन परदेशी जायचं म्हटलं की सरकारी नियम वाचून डोकं भणभणतं. नियम सगळे लिहिलेले असतात, पण माणूस नेमका कुठे अडकतो ते कुठेच नसतं. म्हणून हा धागा. कोणता प्राणी, कुठे नेलात, काय अडलं, ते लिहा. एजंटांनी जाहिरात करू नये.

सुरुवात मी करते. मांजर, युरोपियन युनियन. तिथे सगळा खेळ क्रमाचा आहे. आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप), मग रेबीजची लस. लस आधी टोचली असेल तर त्यांच्या लेखी ती झालेलीच नाही. आमचा मुक्काम युरोपच्या मान्य यादीत नसलेल्या देशात होता, त्यामुळे टायटर टेस्टही (लशीने रक्तात पुरेशा अँटिबॉडी झाल्या का, याची तपासणी) लागली: लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं, ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच तपासायचं, अँटिबॉडी ०.५ आययू प्रति मिली किंवा जास्त हव्यात, आणि रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चिपेपासून विमानापर्यंत चार महिने धराच. एवढं सगळं झाल्यावर हेल्थ सर्टिफिकेट मिळतं, आणि ते युरोपात शिरायला फक्त १० दिवस चालतं! तिकिटाची तारीख आधी ठरवून मग व्हेटकडे जाणारे इथेच फसतात.

—

चिपेवरून आठवलं. आमच्या लॅब्रॅडॉरला विमानतळावर तपासताना बाई खांद्यांच्या मधोमध यंत्र फिरवत राहिल्या, काही वाजेना. आमचे चेहरे उतरले. मग त्यांनी सावकाश पुढच्या पायावरून खाली आणलं, आणि कोपराच्या जरा वर बीप! चिप कातडीखाली सरकते कधीकधी. पण खरा घोळ पुढे होता. लसीच्या पुस्तिकेत दवाखान्याने चिपच्या १५ आकडी नंबरातले दोन आकडे उलटसुलट लिहिले होते, आणि निघायच्या आधी आमच्या लक्षात आल्यावर त्यावरच खाडाखोड करून दिली. विमानतळावर खाडाखोड चालत नाही. कुत्रा समोर, चिप खरी, लस खरी, तरी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. शेवटी दवाखान्याकडून नव्या पानावर सही-शिक्क्यानिशी मागवलं तेव्हा सुटलो. चिप स्कॅन झाल्यावर पडद्यावरचा नंबर आणि प्रत्येक कागद बोट ठेवून जुळवा, तिथल्या तिथे.

—

जपान. दोन मांजरी. चिप, रेबीजच्या दोन लशी, रक्त, आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवस. हे दिवस घरी काढले तर उतरल्यावर काही तासांत सुटका, नाहीतर उरलेले दिवस तिथल्या क्वारंटाइनमध्ये. पोचायच्या किमान ४० दिवस आधी आगाऊ सूचना पाठवायची असते, ते विसरू नका. त्यांचे अधिकारी ईमेलला उत्तर देतात, आणि कागद आधी पाठवले तर चुका काढून देतात. माझं मत विचाराल तर कडक पण सरळ. ढिल्या देशांपेक्षा हे बरं.

—

आयर्लंडला कुत्रा नेणाऱ्यांनी फीतकृमीचं औषध लक्षात ठेवा. फिनलंड, माल्टा, नॉर्वे, ब्रिटन इथेही तेच. प्रवेशाच्या २४ ते १२० तास आधी व्हेटसमोर द्यायचं आणि तारखेबरोबर *वेळही* लिहून घ्यायची. आमच्या व्हेटनी वेळ सोडली होती, दारातून परत फिरून लिहून आणली. शिवाय विमान रद्द झालं तर १२० तास उलटू शकतात, म्हणून अगदी कडेला देऊ नका.

ब्रिटनबद्दल एक: सहायक कुत्रे सोडले तर विमानाने येणारा प्राणी केबिनमध्ये चालत नाही, कार्गोतूनच. म्हणून बरेच जण युरोपात उतरून पुढे गाडीने जातात.

—

आम्ही ऑस्ट्रेलियाला कुत्री *नेली नाही*, हाही अनुभवच. आमचा देश त्यांच्या मान्य यादीत नव्हता, म्हणजे आधी मान्य देशात मुक्काम हलवून तिथून अर्ज. त्यानंतर मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान १० दिवस, आणि ओळख-पडताळणी नीट झालेली नसेल तर ३०. तिचं वय झालं होतं, डोळे गेले होते. बहिणीकडे ठेवली. कुणी नावं ठेवली, ठेवू देत.

—

इथे पोपटवालं कुणी दिसत नाही! आफ्रिकन ग्रे पोपट २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. निघणाऱ्या देशाचा निर्यात परवाना आणि पोचणाऱ्या देशाचा आयात परवाना, दोन्ही हातात हवेत. नुसतं व्हेटचं सर्टिफिकेट घेऊन गेलात तर चालत नाही, तो तुमचा पाळीव आहे याने काहीही फरक पडत नाही.

—

अमेरिकेला पिल्लू नेणाऱ्यांसाठी: १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्र्याला प्रवेशच नाही. चिप आणि सीडीसीचा (अमेरिकेची सरकारी रोगनियंत्रण संस्था) फॉर्म सगळ्या कुत्र्यांना. रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशातून येत असाल तर यादी बरीच लांबते.

—

मी दवाखान्यात काम करते. सगळे विचारतात, "झोपेचं औषध देऊ का?" नको. उंचीवर श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो, आणि गुंगीतला प्राणी बऱ्याच विमान कंपन्या घेतच नाहीत. पग, पर्शियन अशा चपट्या नाकाच्यांना तर आधीच निर्बंध असतात. त्यापेक्षा क्रेट आधीपासून घरात उघडा ठेवा. आत उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता आलं पाहिजे, आणि पाण्याचं भांडं बाहेरून भरता आलं पाहिजे.

—

एक शंका. टायटर टेस्ट पास आहे, पण बूस्टर एक दिवस उशिरा झाला. युरोपला चालेल ना?

—

नाही चालणार. मुदत संपल्यावरची लस पहिली धरतात. पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने. बूस्टर वेळेत होत राहिले असते तर तीच टेस्ट कायम चालली असती.

—

अरे देवा. तिकीट बदलायला घेतो.