मदत हवी आहे : नायट्राइट 2 वरून खाली येत नाही, बोअरचं पाणी मिसळू का?

मंडळी, बेळगावात, टिळकवाडीत आहे. माशांची टाकी 24×12×12 इंची, प्रत्यक्ष पाणी 50 लिटर, 6 गप्पी मासे. चूक माझीच : पाचव्या आठवड्यात फिल्टरचा स्पंज थेट नळाखाली चोळून धुतला. क्लोरीनने त्यातले जिवाणू मेले. हेच जिवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायला हवा होता.

स्पंज धुतल्याला आज दहावा दिवस. ड्रॉप टेस्टने (थेंब टाकून रंग बघायची चाचणी) अमोनिया 0, नायट्राइट 2 पीपीएम (लिटरला 2 मिलिग्रॅम), नायट्रेट 10, तापमान 25. पहाटे सगळे मासे फिल्टरच्या धारेपाशी तोंडं वर करून असतात, कल्ले भराभर हलतात. अंगावर ठिपके नाहीत, पंख मिटलेले नाहीत.

केलेलं : खाणं दिवसाआड, तेही चिमूटभर. एअर पंप चोवीस तास. जाडं मीठ लिटरला 1 ग्रॅम (क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांतून कमी शिरतं). पाणी बदललं की फक्त नव्या पाण्यापुरतं मीठ. दिवसाआड 12 लिटर बदलतो, अँटी-क्लोरीन घालून. पण एवढ्याने 2 चं जेमतेम 1.5 होतं, आणि पुन्हा 2.

रोज 25 लिटर बदलायचं म्हटलं तर नळाचं पाणी रोज येत नाही, साठवायला 40 लिटरचं एकच पिंप. बोअरचं हवं तेवढं मिळतं, पण ते जड : पीएच 8.2, नळाचं 7.3. बाटलीतले जिवाणू इथल्या दुकानांत मिळाले नाहीत.

आधीच दमलेल्या गप्पींना रोज निम्मं बोअर, निम्मं नळ असं 25 लिटर दिलं तर पीएचचा हा फरक झेपेल का, की नायट्राइट उतरेपर्यंत बोअरचं प्रमाण हळूहळू वाढवू? रोज किती लिटरने?