मदत हवी आहे: मे महिन्यात केरी ते पोळे, दोघांचाच किनाऱ्याने प्रवास

नमस्कार मंडळी,

आम्ही साखळीचे. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे मामलेदार कचेरीतून निवृत्त झालेत. मेच्या सुरुवातीला दोघांनीच गाडी काढून गोव्याचा अख्खा किनारा वरून खाली करायचा, असं ठरवतोय. पेडण्यातली केरी (सत्तरीतली नव्हे) इथून सुरुवात आणि काणकोणात पोळ्याला शेवट. गोव्यातच वाढलो, पण आम्हा डिचोली-सत्तरीकडच्या लोकांचा समुद्राशी संबंध पाहुणे आले की मिरामार नाहीतर कळंगुट, एवढाच. ह्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून त्यांनी हा एकच प्रवास मनाशी धरलाय. तो मला नीट घडवून आणायचाय, म्हणून जाणकारांना विचारते आहे.

सगळ्यात मोठी काळजी उन्हाची. सुट्टी मेमध्येच, त्यामुळे महिना बदलता येत नाही. डॉक्टरांनी जायला परवानगी दिली आहे, पण अकरा ते चार उन्हात फिरायचं नाही, आणि पाणी किती प्यायचं तेही ठरवून दिलंय. ह्यांच्या गोळ्यांमध्ये एक लघवी वाढवणारी आहे. म्हणजे दर तासा-दीड तासाने स्वच्छ शौचालय लागणार. किनाऱ्यावर पारा ३३-३४च्या वर फारसा जात नाही हे खरं, पण हवा इतकी दमट असते की घाम सुकतच नाही आणि अंग थंड होत नाही. त्रास त्याचाच होतो. म्हणून विचार असा, की सकाळी साडेसहाला निघायचं, दहा-साडेदहाला मुक्कामी टेकायचं आणि साडेचारनंतर बाहेर पडायचं. अडचण अशी, की बहुतेक ठिकाणी खोली मिळते दुपारी बारा-एकनंतर. सकाळी दहाला खोली देणारी, तळमजल्यावरची, शक्यतो घरगुती राहण्याची सोय मांद्रे-मोरजी भागात आणि आगोंदला कोणाच्या माहितीत आहे का? एसी असला तर बरं, पण वीज गेल्यावर पंखा तरी चालेल अशी सोय हवीच. मेमध्ये वीज कशी असते ते इथे कोणाला सांगायला नको.

दुसरा प्रश्न फेरीबोटीचा. तेरेखोल नदीच्या पलीकडचा किल्ला ह्यांना बघायचाच आहे. मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, आणि १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी तिथे तिरंगा लावला. मुक्तिसंग्रामावरचं मिळेल ते ह्यांनी वाचलंय, त्यामुळे ही जागा ह्यांच्यासाठी देवळासारखी आहे. किरणपाणीच्या पुलावरून आरोंदामार्गे फिरून जाता येतं हे माहीत आहे, पण ह्यांना नदी बोटीतूनच ओलांडायची आहे. गाडी मी चालवते. डिचोलीचा बाजार आणि म्हापशाचा शुक्रवार यांतून गाडी काढायची सवय आहे, पण बोटीवर कधी चढवलेली नाही. ओहोटीला रॅम्प बराच खाली उतरतो असं ऐकते. वॅगन-आरसारख्या गाडीचा तळ घासतो का? शनिवार-रविवार सोडून सकाळी आठच्या सुमारास गाड्यांची रांग किती असते? भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघायला हवं का? रोज ये-जा करणाऱ्या कोणी सांगितलं तर जीव भांड्यात पडेल.

पणजी ते कुठ्ठाळी काही विचारायचं नाही, नवा जुवारी पूल झाल्यापासून तो रस्ता सरळ आहे. पुढे वेळसांव, माजोर्डा, कोलवा, बाणावली, वार्का करत केळशीला पोचल्यावर साळ नदी आडवी येते. केळशीहून असोळण्याला बोटीने गाडी सध्या जाते का, की चिंचोण्यावरून वळसा घ्यायचा? दुपारी ह्यांना गाडीत बसवून धक्क्यावर ताटकळायला नको.

असोळण्याच्या पुढचा भाग मला सगळ्यात ओढतोय. बेतूल, मग काब द रामचा किल्ला, खोल, आगोंद. काब द रामला तटाच्या आत चालायला किती आहे आणि सावली कुठे आहे? पोर्तुगिजांनी तो सौंदेकर राजांकडून घेतला, चॅपल अजून आत आहे, एवढं वाचलंय. पण माझा प्रश्न साधा आहे: बायपास नव्हे तरी स्टेंट बसवलेला माणूस सकाळी आठला हळूहळू फिरून येऊ शकेल ना? खोलची मिरची, भौगोलिक मानांकनवाली, घरूनच कोणी विकतं का? दुकानातली खात्रीची वाटत नाही.

आणि कासवं. गालजीबाग, आगोंद, मोरजी इथे ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. अंड्यांतून पिल्लं यायला दीड-दोन महिने लागतात, म्हणजे मेच्या सुरुवातीला उशिराची एखादी घरटी शिल्लक असायला हवीत. वर्गात फळ्यावर काढून शिकवते. एकदा डोळ्यांनी बघायचंय. वनखात्याच्या झोपडीपाशी पहाटे उभं राहू देतात का? कोणाची परवानगी घ्यायची? पिल्लं उजेडाकडे भरकटतात, त्यामुळे टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा लावणार नाही.

जेवणाचं फार नाही. कमी मीठ-तेलात शीत-कडी (भात-कालवण) करून देणारी एखादी खानावळ काणकोणात असेल तर कळवा. सोमवारी आम्ही शिवराक (शाकाहारी).

भर: इतक्या लवकर इतके प्रतिसाद, मनापासून आभार. कळंगुट-बागाचा पट्टा वगळायचा सल्ला पटला. शिवोलीहून म्हापसा, पर्वरी करत पणजीला येऊ. रविवारी तर नक्कीच. किनाऱ्यावर गाडी उतरवू नका असं एकाने लिहिलंय. ते बेकायदा आहे हे ठाऊक आहे, तसं करणार नाही. वाटेत गाडीत बर्फाची पेटी आणि ओला पंचा ठेवायची युक्तीही उचलली.

एक राहिलंच. पोळ्याहून परतताना करमल घाट लागतो. वळणं आणि अवजड वाहनं, त्यामुळे रात्री तिथून यायचं नाही हे नक्की. पण पहाटे निघावं की सकाळी आठनंतर? पहाटे समोरून लांबवरचे ट्रक जास्त असतात का? काणकोणहून मडगावला रोज कामाला जाणाऱ्यांनी कृपया सांगावं, त्यावर शेवटच्या मुक्कामाचं ठरेल.