पाऊस कळला म्हणजे पूर कळला असं नाही

काही जण म्हणतात की पावसाचा आकडा बरोबर मिळाला की पुराचा अंदाज आपोआप येतो, तसं नसतं हो. तोच १०० मिमी पाऊस जूनच्या सुरुवातीला पडला तर बराचसा जमिनीत जिरतो, ऑगस्टमध्ये रानं आधीच चिंब असतात मग सगळं पाणी थेट ओढ्यात, म्हणून पुराचा अंदाज काढणाऱ्या मॉडेलला मातीतला ओलावापण द्यावा लागतो. कोल्हापुरात तर आणखी घोळ, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपले आपणच उघडतात, ते गणितात धरलं नाही तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधी येणार हे सांगणार कसं? (२०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं!) आणि खाली कृष्णाच फुगलेली असली की पंचगंगा नृसिंहवाडीला, दोघींच्या संगमावर, तुंबते, नुसतं वरचं पाणलोट बघून भागत नाही.