मदत हवी आहे: हात धुण्याचं ऑडिट कागदावर उत्तम, वॉर्डात मात्र वेगळंच

नमस्कार मंडळी. मी रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाची नर्स आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात स्वच्छतेच्या ५ क्षणांवर (म्हणजे हात कधी कधी स्वच्छ करायलाच हवेत ते पाच प्रसंग) आम्ही दर महिन्याला ऑडिट करतो. आकडे छान येतात. पण मी फाइल घेऊन वॉर्डात शिरले की सगळ्यांचे हात आपोआप सॅनिटायझरच्या बाटलीकडे जातात! रात्रपाळीत सहज डोकावलं तर चित्र वेगळं.

सगळ्यात जास्त चुकतो तो शेवटचा क्षण: रुग्णाच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यानंतरचा. खाटेचा कठडा, सलाइनचा पंप, मॉनिटरची बटणं. "रुग्णाला कुठे हात लावला?" हे उत्तर ठरलेलं. दुसरी डोकेदुखी ग्लोव्ह्जची. एकच जोडी घालून तीन खाटा फिरणारे आहेत, आणि त्यांना आपण सुरक्षित आहोत असंच मनापासून वाटतं. ग्लोव्ह्ज काढल्यावरही हात स्वच्छ करायचे असतात, हे किती वेळा सांगू?

आयसीयूत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि युरिन कॅथेटर (लघवीची नळी) गरज संपल्यावरही राहतात, त्यातून होणाऱ्या संसर्गाची धास्ती वेगळीच. रोज राउंडला "आज काढता येईल का?" असं विचारायचं ठरलंय, पण वरिष्ठ डॉक्टरांना टोकायला ज्युनिअर सिस्टर धजत नाहीत.

तुमच्याकडे गुपचूप निरीक्षण करता का? की सॅनिटायझरचा खप मोजता? आणि ज्युनिअर सिस्टरना बोलतं कसं केलंत? पोस्टर लावा असं कृपया सुचवू नका, भिंती भरल्यात.