मदत हवी आहे : योगसूत्रांतले शब्द ओळखीचे वाटतात, अर्थ मात्र दगा देतात

मांद्रेची :

नमस्कार मंडळी. जरा घाईचं काम आहे, परवा संध्याकाळी पाचला वर्ग आहे माझा.

मी गोव्यात मांद्र्याला एका योगशाळेत सीझनपुरतं काम करते. खोल्यांचं बुकिंग, कोणाला भाड्याने स्कूटर, कोणाला दाताचा डॉक्टर. तिथे २०० तासांचा शिक्षक-प्रशिक्षण कोर्स चालतो, सगळे परदेशी. तत्त्वज्ञान शिकवायला बाहेरून एक सर यायचे. यंदा ते कोर्स अर्ध्यावर टाकून गेले. का, ते मालकालाच ठाऊक. मालक म्हणाला, तू मराठी घेऊन बी. ए., शाळेत संस्कृतही होतं, तूच घे तास. मीही हो म्हणून बसले. मराठी येतं म्हणजे अर्धं संस्कृत येतंच, असं वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी तोंडघशी पडले. पतंजलीच्या योगसूत्रांतलं पहिल्या पादातलं बारावं सूत्र, १.१२, 'अभ्यासवैराग्याभ्यां तन्निरोधः', म्हणजे अभ्यास आणि वैराग्य यांनी चित्तवृत्तींचा निरोध. फळ्यावर ऐटीत लिहिलं, अभ्यास म्हणजे स्टडी. मागच्या एका बाईने आपलं भाषांतराचं पुस्तक उघडून दाखवलं, त्यात प्रॅक्टिस. बावीस माणसं माझ्याकडे बघतायत आणि माझ्या डोळ्यांसमोर दहावीची गाईडं!

तेव्हापासून प्रत्येक शब्दाची धास्ती घेतलीय. अडलंय ते असं :

१.३३ मध्ये चित्त प्रसन्न करणाऱ्या चार भावना : मैत्री, करुणा, मुदिता (म्हणजे आनंद) आणि उपेक्षा. पहिले तीन ठीक. पण उपेक्षा? आपल्याकडे उपेक्षा म्हणजे म्हाताऱ्या आईबापांची करतात ती. ती केल्याने चित्त प्रसन्न कसं होईल? इगतपुरीला विपश्यना करून आलेला एक मुलगा वर्गात आहे, तो सारखा 'उपेक्खा, उपेक्खा' म्हणतो आणि फार चांगलं काहीतरी असल्यासारखं म्हणतो.

धारणा, ध्यान, समाधी यांतला फरक. मला धारणा म्हटलं की 'लोकांची अशी धारणा आहे की' हे आठवतं, आणि समाधी म्हटलं की आळंदी.

सरांच्या झेरॉक्समध्ये ओम् म्हणजे अ ब्रह्मा, उ विष्णू, म महेश असं आहे. हेच सांगू का?

आणि उच्चार. ज्ञानमुद्रेला सगळे 'जनाना मुद्रा' म्हणतात. मला हसू आवरत नाही. आज्ञाचक्राचं 'अजना' होतं, चित्ताचं 'सिट्टा'. (निरोध शब्दावर मात्र फक्त मीच खुसखुसले. त्यांना निरोध कंडोमच्या सरकारी जाहिराती कुठे माहीत!)

कृपया 'अमुक ग्रंथ वाचा' असं सांगू नका, परवापर्यंत वाचून होणार नाही.

कुंपणावरचा :

हे सगळं गुगलवर आहे की. सगळा योग तिकडेच तर गेलाय.

मांद्रेची :

@कुंपणावरचा, गुगलवर उपेक्षेचे सात अर्थ आहेत. आठवा तुमच्याकडून मिळाला.

फोंड्याचे मास्तर :

बाय, तुझी चूक एवढीच की शब्द ओळखीचा दिसला म्हणून तू त्याला घरात घेतलंस. हे शब्द संस्कृतातून मराठीत येताना वाटेत बदललेत. तीस वर्षं संस्कृत शिकवलं, दरवर्षी मुलं याच खड्ड्यात पडायची.

अभ्यासापासून धरू. पुढचंच सूत्र व्याख्या देतं : 'तत्र स्थितौ यत्नोऽभ्यासः'. चित्त एका जागी टिकावं म्हणून केलेला प्रयत्न तो अभ्यास. त्याच्या पुढच्या सूत्रात तीन अटी आहेत : दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने. वह्यापुस्तकांचा पत्ता नाही. त्यांना सांगायचं तर गवयाचा रियाज सांग. जुन्या मराठीत हा अर्थ शाबूत होता, तुकोबांचं 'कारण अभ्यास' आठव. शाळेने तो शब्द पळवला.

आता उपेक्षा. उप आणि ईक्ष्. ईक्ष् म्हणजे पाहणे. प्रेक्षक, निरीक्षक, परीक्षा, सगळे त्याच घरातले. पाहतोय पण हात घालत नाही, अशी ती स्थिती. मराठीत त्यातलं पाहणं गळालं आणि दुर्लक्ष तेवढं उरलं. सूत्रात चार भावना चार विषयांना जोडल्यात : सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्याबद्दल मुदिता आणि अपुण्याबद्दल उपेक्षा. म्हणजे कोणी वाईट वागताना दिसला तर त्याच्या नावाने आपलं चित्त जाळत बसू नये. आईबापांना वाऱ्यावर सोडा असं पतंजली म्हणत नाही. तुझा इगतपुरीवाला बरोबर आहे. पालीतला उपेक्खा हा तोच शब्द, आणि बौद्ध ब्रह्मविहारांतही ह्याच चार भावना आहेत. त्यालाच दोन मिनिटं बोलायला लाव, तुझी तेवढीच दमछाक वाचेल.

धारणा-ध्यान-समाधी जेवण करून येऊन लिहितो. आज माशांचं हुमण आहे.

लोणावळा रिटर्न :

मास्तर जेवतायत तोवर एक भर. मी लोणावळ्याच्या कैवल्यधाम योगसंस्थेत छोटा कोर्स केलाय. मराठी माणूस हमखास फसतो असा शब्द म्हणजे कपालभाती. आपल्याला वाटतं भाती म्हणजे लोहाराचा भाता, कारण श्वास तसाच फसफसतो. पण 'भा' म्हणजे चमकणे, उजळणे. कपाळ उजळवणारी क्रिया ती कपालभाती. भाता आहे तो भस्त्रिका प्राणायामात, भस्त्रा म्हणजे भाता. गंमत अशी की हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथातला कपालभातीचा श्लोकच 'लोहाराच्या भात्यासारखा' असं म्हणून सुरू होतो, त्यामुळे आपली चूक अगदीच बिनबुडाची नाही. शिवाय तिथे ती प्राणायामात नाही, षट्कर्मांत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत आहे, धौती-नेती यांच्या पंगतीला.

आसनाचंही सांगते. आपल्याकडे आसन म्हणजे बसायला घालतो ते. धातू आस्, बसणे. योगसूत्रात आसनाची व्याख्या तीन शब्दांची, 'स्थिरसुखमासनम्', आणि एकाही आसनाचं नाव नाही. हठप्रदीपिकेत १५ आहेत, घेरंडसंहितेत ३२. तुमच्या शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात किती आहेत ते मोजा एकदा.

मांद्रेची :

मोजली. ८४, आणि शेवटच्या रांगेतली दोन चित्रं एकच आहेत, नुसती उलटी छापलीत.

फोंड्याचे मास्तर :

आलो. ३.१ : 'देशबन्धश्चित्तस्य धारणा'. इथे देश म्हणजे भारत देश नव्हे. देश म्हणजे जागा : नाभी, नाकाचा शेंडा, बाहेरचा दिवा, काहीही. वासरू दाव्याने खुंटीला बांधतो तसं चित्त त्या जागेला बांधणं ती धारणा. वासरू ओढ घेणारच, दावं ताणलं जाणारच. धृ म्हणजे धरणे, त्यातून हा शब्द. 'लोकांची धारणा' म्हणजे त्यांनी मनात धरून ठेवलेलं मत. धातू तोच, फक्त खुंटी वेगळी.

३.२ : 'तत्र प्रत्ययैकतानता ध्यानम्'. प्रत्यय म्हणजे व्याकरणातला नव्हे आणि 'प्रत्यय आला'मधलाही पुरता नव्हे, चित्तात उमटणारी जाणीव. ती एकाच विषयाची एकसारखी चालू राहिली की ध्यान. इथे मात्र मराठी तुझ्या मदतीला येते. भजनात माणूस एकतान झाला असं आपण म्हणतोच ना? तेच. वासरू आता ओढ घेत नाही, दावं सैल पडलंय.

३.३ : तेच ध्यान जेव्हा फक्त विषयच उजळतो आणि आपलं स्वरूप जणू रिकामं होतं तेव्हा समाधी. सूत्रातला 'इव' विसरू नको, 'स्वरूपशून्यमिव'. जणू रिकामं, खरोखर नाहीसं नव्हे. ह्या दोन अक्षरांवर अर्धा तास सहज जाईल. वासराची उपमा मात्र इथे सोड, पुढे चालत नाही ती.

आळंदीचं म्हणशील तर ज्ञानदेवांनी १२९६ साली तिथे समाधी घेतली. म्हणजे अवस्थेचं नाव आधी, ते नंतर जागेला चिकटलं. हे वर्गात सांगितलंस तर त्यांना आवडेल, त्यांच्या पुस्तकांत नसतं. आणि तिघांना मिळून सूत्रकार संयम म्हणतो, 'त्रयमेकत्र संयमः'. आपला रांगेत उभं राहायचा संयम वेगळा.

ओम् राहिला. ब्रह्मा-विष्णू-महेश हा अर्थ परंपरेत चालतो, खोटा नाही. पण ध्यानाच्या वर्गात मांडूक्य उपनिषदातला सांग. अवघ्या १२ मंत्रांचं आहे ते. अ म्हणजे जागेपण, उ स्वप्न, म गाढ झोप, आणि चौथी ती ओम् संपल्यानंतरची मात्रा नसलेली, तुरीय. चौथीला आवाज नाही. त्यांना ओम् म्हणायला लाव आणि म् विरला की लगेच बोलू नको. ह्या उपनिषदावर कारिका, म्हणजे श्लोकांत विवरण, लिहिणारे गौडपाद, ज्यांच्या नावाचा मठ आपल्या कवळ्याला आहे. मांद्र्याहून तास-दीड तास. सुट्टीच्या दिवशी त्यांना बीचऐवजी तिकडे ने.

मांद्रेची :

मास्तर, देव बरें करूं. सगळं वहीत उतरवलं. जनाना मुद्रेचं काय करू?

लोणावळा रिटर्न :

रोमन लिपीचा घोळ आहे तो. विद्वानांच्या लेखनपद्धतीत 'च'साठी c हे एकच अक्षर वापरतात, इंग्रजी वाचणाऱ्याला ते 'स' किंवा 'क' वाटतं, म्हणून सिट्टा. ज्ञ म्हणजे ज् आणि ञ. ते दोन्ही सुटेसुटे वाचतात, मध्ये एक अ घुसतो, झाला जनाना. आपण तरी कुठे शुद्ध बोलतो? आपण द्न्य म्हणतो, हिंदीवाले ग्य. त्यांना द्न्य शिकवा, चालेल.

आणि 'योगा'वर रागावू नका. संस्कृतात शेवटचा अ ऐकू येतो. आपण तो गिळून 'योग्' म्हणतो, ते ताणून 'योगा' करतात. 'चक्र' म्हणताना आपला शेवटचा अ जसा ऐकू येतो, तसा हवा.

कुंपणावरचा :

मी शवासनाचा अर्थ विचारणार होतो, पण राहू दे.

मांद्रेची :

@कुंपणावरचा, तो मी पहिल्या आठवड्यातच सांगितला. प्रेत म्हटल्यावर दोघीजणी टुणकन उठून बसल्या.

मांद्रेची :

झाला वर्ग. मंडळी, तुम्ही होतात म्हणून निभावलं.

फळ्यावर दोन रकाने केले. डावीकडे 'माझी आजी काय समजेल', उजवीकडे 'पतंजली काय म्हणतो'. अभ्यास, धारणा, समाधी, उपेक्षा, संयम, देश. परवा पुस्तक दाखवणारी बाई आज ते रकाने वहीत उतरवून घेत होती, आणि डावा रकानाच तिला जास्त आवडला. इगतपुरीवाला दोन मिनिटं म्हणून उठला तो वीस मिनिटं बोलला. वासरू सगळ्यांना कळलं. 'खुंटी कोणाची, वासरू कोणाचं?' असं एकाने विचारलं, तेव्हा मी पाणी प्यायला गेले.

ओम् म्हणून झाल्यावर मी गप्प राहिले. शेजारच्या शॅकवरचा स्पीकर मात्र राहिला नाही.

जनाना मुद्रा आता 'दनयाना मुद्रा' झालीय. प्रगती आहे.

पुढच्या सोमवारपासून योगसूत्रांचा तिसरा पाद, म्हणजे भाग, पूर्ण घ्यायचाय, विभूतिपाद. विभूती म्हटल्यावर मला आत्तापासून देवळातला अंगारा दिसायला लागलाय, आणि 'थोर विभूती' म्हणून शाळेत लावलेल्या तसबिरी. मास्तर, आहात ना? हुमण झालं की लिहा.